रंगांनी मोजलेली वाढ

अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक जुना प्रयोग असतो. कांदा पाण्यावर ठेवायचा, त्याला मुळं फुटू द्यायची, मुळाचं टोक कापून आम्लात मऊ करायचं, कारमाइन नावाच्या लाल रंगात बुडवायचं आणि काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायचं. मग सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की फिकट पेशींच्या गर्दीत काही पेशी वेगळ्या दिसतात. त्यांच्या पोटात लाल दोऱ्यांचे पुंजके असतात. कुठे ते पुंजके मधोमध रांगेत उभे असतात, कुठे दोन टोकांकडे निघालेले असतात. या विभागत असलेल्या पेशी. मुलं आकृती काढतात, वहीवर सही होते आणि विषय संपतो.

खरं म्हणजे विषय तिथून सुरू व्हायला हवा. कारण तो लाल रंग घातला नसता, तर ते दोरे कुणाच्या नजरेस सहजी पडले नसते. पेशी जवळजवळ पारदर्शक असते. एका पेशीच्या दोन होतात, हे माणसाला नीट दिसलं ते रंगामुळे; आणि किती पेशी विभागताहेत हे मोजता आलं तेही रंगामुळेच. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो आणि लिहितो कविता. पण या रंगांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्या शेवटी एक आकडा आहे आणि तो आकडा आज अनेक घरांत बायोप्सीच्या रिपोर्टवर छापून येतो.

सुरुवात कापड रंगवणाऱ्यांपासून करावी लागते. कांद्याच्या मुळाला लावतात ते कारमाइन निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून मिळतं. मेक्सिकोकडून ते युरोपात गेलं आणि रेशीम-लोकर रंगवायला वापरलं जाऊ लागलं. १८५८ साली जर्मनीतल्या योसेफ फोन गेरलाख यांनी मेंदूच्या पातळ कापांसाठी कारमाइनचं अगदी सौम्य द्रावण वापरलं, आणि केंद्रकं बाकीच्या पेशीपेक्षा गडद रंगलेली दिसली. दुसरा रंग हिमॅटॉक्सिलिन. तोही मेक्सिकोकडचा, लॉगवूड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून काढलेला. या नावाचा ग्रीक अर्थ ‘रक्ताचं लाकूड’.

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात रंगरेजांची दोन घरं होती. कापड तुरटीच्या पाण्यातून काढल्याशिवाय रंगात टाकायचं नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. हिमॅटॉक्सिलिनचं तसंच आहे. नुसता रंग पेशीला धरत नाही. तुरटी घातली की तो केंद्रकाला घट्ट बसतो. १८६५ साली ब्योमर यांनी तुरटी मिसळून ही कृती सांगितली. पुढे इओसिन हा गुलाबी रंग तिच्या जोडीला आला. केंद्रक निळं-जांभळं आणि बाकीची पेशी गुलाबी, अशी ही जोडी दीडशे वर्षं टिकली आहे. तालुक्याच्या गावातली प्रयोगशाळा असो की मुंबईचं मोठं रुग्णालय, बायोप्सीचा तुकडा आला की पहिल्यांदा याच दोन रंगांत रंगतो.

दरम्यान लंडनमध्ये एक गंमत घडली होती. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन हा १८ वर्षांचा मुलगा घरच्या छोट्या प्रयोगशाळेत हिवतापावरचं क्विनीन कृत्रिम रीतीने बनवू पाहत होता. क्विनीन झालंच नाही. झाला तो एक सुंदर जांभळा रंग. डांबरापासून बनणाऱ्या अॅनिलीन रंगांचा उद्योग तिथून सुरू झाला. कापड गिरण्यांसाठी निघालेले हे रंग प्रयोगशाळांत पोचायला वेळ लागला नाही.

ते ज्यांच्या हातात सर्वांत फळले ते वाल्टर फ्लेमिंग. उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राच्या काठी कील नावाचं शहर आहे. फ्लेमिंग १८७६ पासून तिथे प्राध्यापक होते. त्यांनी पाहण्यासाठी निवडला सॅलॅमँडर. दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी. त्याच्या पिल्लांच्या पेशी आणि केंद्रकं चांगली मोठी असतात. फ्लेमिंग यांनी जिवंत पेशीही पाहिल्या आणि रंगवलेल्याही पाहिल्या, आणि एकेक चित्र क्रमाने लावत विभाजनाची सगळी पायरीवारी मांडली. केंद्रकातल्या ज्या द्रव्याला रंग चटकन धरत होता त्याला त्यांनी रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘क्रोमॅटिन’ म्हटलं. विभाजनाला दोऱ्यावरून ‘मायटॉसिस’ म्हटलं. हे सगळं त्यांच्या १८८२ च्या ग्रंथात आहे. १८८८ मध्ये वाल्डायर यांनी त्या दोऱ्यांना ‘क्रोमोसोम’ नाव दिलं. अर्थ, रंगणारी काया. मराठीत आपण ‘गुणसूत्र’ म्हणतो. त्यात गुण आला आणि रंग गळाला, पण काही पुस्तकांत ‘रंगसूत्र’ असाही शब्द भेटतो. मला तो आवडतो. माणसाला ती वस्तू पहिल्यांदा कशी दिसली, याची आठवण त्या शब्दात आहे.

आता मोजण्याकडे येऊ. विभागणाऱ्या पेशी दिसू लागल्या, तसा डॉक्टरांना साहजिकच प्रश्न पडला: गाठीत अशा पेशी जास्त असतील, तर गाठ झपाट्याने वाढेल का? १९५७ साली ब्लूम आणि रिचर्डसन यांनी स्तनाच्या कर्करोगाची प्रतवारी ठरवताना पेशींची मांडणी, केंद्रकांचं रूप आणि विभाजन या तीन गोष्टींना गुण दिले. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी ही पद्धत अधिक काटेकोर केली. तीच आज जगभर वापरतात. त्यासाठी वेगळा रंग लागत नाही, नेहमीचा निळा-गुलाबी पुरतो.

पण या मोजणीत एक अडचण आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला एक फेरा पुरा करायला साधारण २४ तास लागतात, असं धरू. त्यातलं प्रत्यक्ष विभाजन, म्हणजे दोरे दिसण्याचा काळ, जेमतेम तासाभराचा. एस.टी. स्टँडवर किती माणसं प्रवासाला निघाली आहेत हे मोजायचं, पण मोजायची फक्त गाडीच्या पायरीवर पाय ठेवलेली, असा हा प्रकार. तिकिटाच्या रांगेतली, फलाटावर ताटकळलेली, घरून रिक्षात बसलेली माणसं या मोजणीत येतच नाहीत.

शिवाय मोजणाऱ्याच्याही अडचणी आहेत. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला, तर विभाजनाच्या आकृत्या ओळखणं अवघड होतं. मरत असलेली पेशी आक्रसून काळसर होते आणि विभागणाऱ्या पेशीचं सोंग घेते. तिसरी अडचण तर साध्या भूमितीची. पूर्वापार ही मोजणी ‘मोठ्या भिंगाच्या १० क्षेत्रांत इतक्या’ अशी सांगत आले. पण एका सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्राचा व्यास ०.४४ मिलिमीटर असेल आणि दुसऱ्याचा ०.६५, तर दुसऱ्यात दिसणारी जागा पहिलीच्या दुपटीहून जास्त होते. गाठ तीच, डोळे तेच, पण यंत्र बदललं की आकडा दुप्पट! म्हणून आता क्षेत्रांऐवजी चौरस मिलिमीटरमध्ये आकडा द्यावा, असा आग्रह आहे.

पायरीवरच्या माणसाच्या मागे, रांगेतल्या माणसापर्यंत कसं जायचं? इथे गोष्ट डीएनएकडे वळते. १९२४ साली जर्मनीतल्या रॉबर्ट फॉयल्गेन यांनी एक रंगप्रक्रिया दिली. तीत ऊतींचा काप आधी सौम्य आम्लात ठेवतात, मग त्यावर एक रंगहीन द्रावण घालतात; जिथे डीएनए असेल तिथेच किरमिजी रंग उमटतो. तोवरचे रंग केंद्रकाला धरत होते. हा रंग नेमका एका द्रव्याला धरत होता. आणि डीएनए जितकं जास्त, तितका रंग गडद. विभागण्याआधी पेशी आपलं डीएनए दुप्पट करते, म्हणून रंगाचा गडदपणा यंत्राने मोजून पेशी कुठवर पोचली हे कळू लागलं.

तरी डीएनए दुप्पट होतं केव्हा? दोन विभाजनांच्या मधल्या काळाला तेव्हा पेशीची ‘विश्रांती’ म्हणत. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकला या शेंगेच्या रोपाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि मुळांच्या कापांवर फोटोची फिल्म ठेवली. जिथे नवं डीएनए बनलं तिथे फिल्मवर काळे ठिपके उमटले. १९५३ साली त्यांनी सांगितलं, की ती विश्रांती नव्हतीच. पेशी मधल्या एका ठरावीक काळात डीएनए बनवते, आणि त्या काळाच्या आधी एक व नंतर एक असे दोन मोकळे टप्पे असतात. पेशीचक्राचे चार टप्पे आज पाठ्यपुस्तकात आहेत, ते या मुळांतून आले. १९५७ मध्ये टेलर, वुड्स आणि ह्यूज यांनी थायमिडिन वापरलं. हा फक्त डीएनएत लागणारा घटक. त्याला ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन जोडला, तेव्हा ठिपके आणखी नेमके आले.

मात्र ही पद्धत सोसायची तर धीर हवा. फिल्म अंधारात कित्येक दिवस, कधी आठवडे ठेवावी लागे, आणि किरणोत्सारी पदार्थ रोजच्या रुग्णालयात हाताळणं सोपं नव्हतं. १९८२ मध्ये ग्राट्झनर यांनी वाट मोकळी केली. थायमिडिनसारखाच दिसणारा, ब्रोमीन असलेला बीआरडीयू नावाचा एक पदार्थ पेशी फसून डीएनएत बसवते. त्याला नेमकं ओळखणारं प्रतिपिंड त्यांनी तयार केलं. आता ठिपक्यांची वाट पाहायला नको. प्रतिपिंडाला रंग जोडला की काम झालं. यातही एक उणीव होती. प्रतिपिंडाला आत शिरता यावं म्हणून डीएनएचे दोन धागे आम्लाने किंवा उष्णतेने उसवावे लागत, आणि त्यात पेशीतल्या इतर खुणा बिघडत. २००८ मध्ये सॅलिक आणि मिचिसन यांनी ईडीयू हा पदार्थ वापरून तीही उसवण टाळली. ज्या ‘क्लिक’ रसायनशास्त्रावर ही युक्ती उभी आहे, त्याला २०२२ चं नोबेल मिळालं.

या सगळ्या पद्धतींना एक अट आहे. पेशी जिवंत असताना तिला तो पदार्थ द्यावा लागतो. आधीच कापून मेणात बसवलेल्या गाठीला काय देणार?

याचं उत्तर पुन्हा कील शहरातून आलं. फ्लेमिंग यांच्या ग्रंथानंतर १०१ वर्षांनी, १९८३ साली, योहानेस गेर्डेस आणि त्यांचे सहकारी तिथे हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशी ओळखणारं प्रतिपिंड शोधत होते. उंदराला त्या पेशींची केंद्रकं टोचून त्यांनी अनेक प्रतिपिंडं मिळवली. त्यांतलं एक हॉजकिनपुरतं निघालं नाही. ते कुठल्याही वाढत्या पेशीच्या केंद्रकाला धरत होतं आणि निजलेल्या पेशीला धरत नव्हतं. कील शहराच्या नावातली पहिली दोन अक्षरं के आणि आय, आणि प्रयोगाच्या तबकडीवरचा क्रमांक ६७, म्हणून त्याचं नाव पडलं केआय-६७. एस.टी. स्टँडच्याच भाषेत सांगायचं, तर घरून निघालेला प्रत्येक प्रवासी आता मोजणीत आला. पायरीवरचा, रांगेतला, वाटेतलाही.

सुरुवातीला हे प्रतिपिंड ताज्या किंवा गोठवलेल्या तुकड्यावरच चाले. १९९२ च्या सुमारास एमआयबी-१ हे नवं प्रतिपिंड आलं आणि मेणातला काप आधी मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापवला की ते त्यावरही चालतं असं दिसलं. स्वयंपाकघरातली भट्टी प्रयोगशाळेत आली आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेले मेणाचे ठोकळे बोलू लागले. वाढत्या पेशीची केंद्रकं तपकिरी, बाकीची फिकट निळी. शंभरांतली किती तपकिरी, हे मोजायचं आणि टक्केवारी लिहायची. इतकं सोपं!

काही वर्षांपूर्वी हा इतिहास माझ्या घरात आला. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या, छातीतली गाठ काढली. एका प्रयोगशाळेने केआय-६७ चा आकडा दिला १८ टक्के. दुसरं मत घ्यावं म्हणून तोच ठोकळा दुसरीकडे पाठवला, तर आकडा आला २६ टक्के. आपा शाळेत गणित शिकवायची. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, “अरे, गाठ एकच ना? मग उत्तरं दोन कशी?”

दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी आम्हाला स्लाइड पडद्यावर लावून दाखवली. गाठीच्या कडेला तपकिरी केंद्रकांची दाटी होती, मधे ती तुरळक होती. त्या म्हणाल्या, “कडेला मोजलं तर आकडा जास्त येतो, सगळीकडचा सरासरी घेतला तर कमी. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, पण कुठे मोजलं ते रिपोर्टवर लिहिलेलं हवं.” आपा बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे सरासरी सांगायची तर किती जणांची ते सांगायला नको का?” बाई हसल्या. पुढे उपचार ठरले ते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, हॉर्मोनच्या तपासण्या, प्रतवारी असं सगळं जोडून. आपा त्यातून बाहेर आली. पण ते दोन कागद समोर घेऊन आम्ही काढलेले आठ-दहा दिवस मी विसरलेलो नाही. एका टक्केवारीत आम्ही तिचं उरलेलं आयुष्य वाचायला बघत होतो.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडलं, असं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत स्तनकर्करोगाचे तेच १०० नमुने ८ नामांकित प्रयोगशाळांना मोजायला दिले होते. रंगवण्याचं काम एकाच ठिकाणी केलं, तरी प्रयोगशाळांची सरासरी सुमारे ७ टक्क्यांपासून सुमारे २४ टक्क्यांपर्यंत पसरली. रंग एकच होता. बदलले ते मोजणारे डोळे आणि मोजायच्या जागा. मोजपट्टीही हलत राहिली. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेने २०११ मध्ये जास्त वाढीची सीमा १४ टक्के धरली होती. २०१३ मध्ये बहुतेक तज्ज्ञ २० टक्क्यांकडे झुकले. आपाचा पहिला आकडा, १८, बरोबर या दोन सीमांच्या मधला. पेशी त्याच, पण एका वर्षीच्या पट्टीने वाढ जास्त आणि दुसऱ्या वर्षीच्या पट्टीने कमी.

तज्ज्ञांनी याकडे पाठ फिरवली नाही. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने सांगितलं, की हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या ठरावीक कर्करोगात ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून जास्त, या दोन टोकांवर भरवसा ठेवावा. मधल्या पट्ट्यात एकट्या आकड्यावर निर्णय टांगू नये. त्याच वर्षी अमेरिकेत अॅबेमासिक्लिब या औषधाला मान्यता देताना केआय-६७ किमान २० टक्के असावा अशी अट घातली गेली; २०२३ मध्ये ती अट काढून टाकली.

आणि हे केआय-६७ पेशीत करतं तरी काय? ते कळायला २०१६ साल उजाडलं. विभाजनाच्या वेळी ते गुणसूत्रांच्या अंगावर चढतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. साबण तेलाचे थेंब वेगळे ठेवतो ना, साधारण तसं. त्याच वर्षी हेही दिसलं, की ते नसलं तरी पेशी विभागू शकतात. म्हणजे ३३ वर्षं आपण ज्या खुणेने वाढ मोजत होतो, ती वाढीचं कारण नव्हती, वाढीची सोबतीण होती. सोबतीण घरात दिसली म्हणजे मालकीण घरात आहे, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो. पण तो अंदाजच.

मग यांतला चांगला रंग कोणता? मला वाटतं, हा प्रश्नच जरा तिरका आहे. निळा-गुलाबी रंग विचारतो: या क्षणी कोण विभागतंय? बीआरडीयू आणि ईडीयू विचारतात: या तासाभरात डीएनए कोण बनवतंय? केआय-६७ विचारतो: कामावर कोण आहे आणि निजलंय कोण? प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी येणार. एकाच गाठीत विभाजनाच्या आकृत्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि केआय-६७ तीस टक्के असं असू शकतं, आणि त्यात कुणीही खोटं बोलत नसतं.

रंगरेजाकडे कापड नेलं, तर तो आधी सूत पाहायचा, मग रंगाचं बोलायचा. रिपोर्ट हाती आला, की आपणही तेवढं करू शकतो. तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये गेला होता का, मोजणी गाठीच्या कुठल्या भागात केली, आणि या आकड्याच्या जोडीला आणखी कोणत्या गोष्टी पाहून उपचार ठरणार आहेत, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारायला काही हरकत नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशी एकदा रंगवून समाधान मानलं नाही. जिवंत पेशीशी ताडून पाहिल्यावरच त्यांनी विभाजनाला नाव दिलं. दीडशे वर्षांनी, एका टक्केवारीवरून कुणाचं उरलेलं आयुष्य ठरवायला बसण्याआधी, आपण निदान एवढी चौकशी करायला हवी.